बीपीसाठी लघवीची गोळी: रोज्यात आणि उन्हाळ्यात काय सांभाळावे

चाकूर तालुक्यात कोणत्याही घरात विचारा, अब्बांना नाहीतर दादींना बीपीची गोळी चालू असते. पण त्या गोळीत लघवी वाढवणारे औषध आहे का, असे विचारले तर घरातले एकमेकांकडे बघतात. रोजा, प्रवास, जुलाब आणि कडक ऊन या चारही वेळी ही माहिती लागते, म्हणून आम्ही सुरुवात तिथूनच करतो.

गोळीची पट्टी उजेडात धरा आणि बारीक अक्षरे वाचा. हायड्रोक्लोरोथायझाइड, क्लोरथालिडोन किंवा इंडापामाइड यांपैकी एखादे नाव दिसले तर ती लघवीची गोळी आहे. बरेचदा ती टेल्मिसार्टनसारख्या दुसऱ्या औषधासोबत एकाच गोळीत असते आणि ब्रँडच्या नावापुढे ‘एच’, ‘सीएच’ किंवा ‘सीटी’ लागलेले असते. फ्युरोसेमाइड आणि टॉर्सेमाइड ही जास्त जोरदार औषधे. ती मुख्यतः हृदय किंवा किडनीच्या आजारात, अंगावर सूज असताना देतात. नाव वाचता आले नाही तर मेडिकलवाल्याला विचारा, त्यात लाज कसली?

ही गोळी किडनीवाटे जास्तीचे मीठ आणि पाणी बाहेर काढते. थायझाइड गटातील औषधे 1950 च्या दशकाच्या शेवटी आली. 2002 साली जाहीर झालेल्या ऑलहॅट या मोठ्या अमेरिकन अभ्यासात स्वस्त क्लोरथालिडोन महागड्या नव्या औषधांपेक्षा कमी ठरले नाही. म्हणजे डॉक्टरांनी ‘साधी’ गोळी दिली म्हणून मन खट्टू करू नये.

आता खरी अडचण. आपल्याकडचे बुजुर्ग ही गोळी मधेच सोडतात. त्याचे कारण ते डॉक्टरांना सांगत नाहीत आणि घरातही बोलत नाहीत. वारंवार लघवी लागते, वुझू टिकत नाही, जमातीत उभे राहायची धास्ती वाटते. लातूरला बसने जायचे असेल तर त्या दिवशी गोळी बाजूलाच. दवाखान्यात गेल्यावर ‘घेतो ना रोज’ म्हणतात, बीपी वाढलेला दिसतो आणि डॉक्टर आणखी एक औषध वाढवतात. खरे तर थायझाइडच्या कमी डोसात लघवीचा जोर पहिल्या काही आठवड्यांत उतरतो, पण बीपीवरचा परिणाम टिकून राहतो. फ्युरोसेमाइडचा जोर तासाभरात सुरू होतो आणि साधारण सहा तास राहतो. प्रवासाच्या दिवशी गोळी पोचल्यावर घेतली तर चालेल का, एवढे विचारले की बहुतेक वेळा मार्ग निघतो. वुझूबद्दल शंका असेल तर इमामसाहेबांना विचारावे. गोळी सोडणे हे त्याचे उत्तर नव्हे.

रोज्याचेही तसेच. गोळी एरवी सकाळी घेतात, म्हणजे रात्री झोपमोड होत नाही. रोज्यात ती सहरीला घेतली तर सकाळीच पाणी निघून जाते आणि मग दिवसभर एक घोटही घेता येत नाही. म्हणून अनेक डॉक्टर ती इफ्तारनंतर घ्यायला सांगतात किंवा डोस बदलतात. कोणाला काय, हे रमजानच्या दोन-तीन आठवडे आधी विचारून ठेवा, चाँदरातीला नाही. हृदय कमकुवत असलेल्यांनी, किडनीचा आजार असलेल्यांनी आणि फ्युरोसेमाइडचा मोठा डोस घेणाऱ्यांनी स्वतःच्या मनाने रोजा धरू नये. सूरह बकरामध्ये आजारी माणसाला रोजे नंतर पूर्ण करण्याची सवलत दिलेली आहे. 2026 मध्ये रमजान फेब्रुवारी-मार्चमध्ये, पण अराफ्याचा रोजा मेच्या शेवटच्या आठवड्यात. मराठवाड्यातला मे काय असतो ते सांगायला नको.

उन्हाळ्यात दुसरीही भीती असते. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले होते. अशा दिवसांत घरातली म्हातारी माणसे पाणी जपून पितात. घाम, कमी पाणी आणि वरून लघवीची गोळी असे तिन्ही जमले की रक्तातले सोडियम आणि पोटॅशियम बिघडू शकते. उभे राहताना चक्कर, पायात गोळे, छातीत धडधड, फार अशक्तपणा अशी लक्षणे दिसतात. दादी अचानक असंबद्ध बोलू लागल्या तर ‘वय झाले’ म्हणून सोडू नका. सोडियम उतरले तरी असे होते. त्याच दिवशी दवाखाना गाठा. हृदयरोग्यांना मात्र डॉक्टरांनी पाणी मोजून दिलेले असते, त्यांना आग्रहाने जास्त पाजू नका.

जुलाब-उलट्या लागल्या तर ओआरएस सुरू करा आणि ‘लघवीची गोळी आज थांबवू का?’ असे डॉक्टरांना विचारा. एरवी रोज सहरीला ओआरएस पिण्याची गरज नाही, त्यात मीठ असते. मिठाचे सांगायचे तर दिवसभरात सगळे मिळून एक चमचा, म्हणजे 5 ग्रॅमपेक्षा कमी. लोणचे-पापड आणि इफ्तारची भजी त्यातच मोजा. ‘लो सोडियम’ मीठ मात्र न विचारता आणू नका. त्यात बहुधा पोटॅशियम असते आणि टेल्मिसार्टन किंवा स्पायरोनोलॅक्टोन घेणाऱ्यांना ते धोक्याचे ठरू शकते.

गुडघे दुखले की मेडिकलवरून डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन आणायची आपल्याला सवय. या गोळ्या बीपीच्या औषधाचा परिणाम घटवतात, आणि टेल्मिसार्टन व लघवीची गोळी यांच्या जोडीला आल्या तर किडनीवर घाला घालू शकतात. दुखण्याला काय चालेल ते विचारून घ्या. पायाचा अंगठा लाल होऊन सुजला तर तेही सांगा, या गोळीने युरिक ॲसिड वाढते. डायबेटिस असेल तर शुगरवरही लक्ष ठेवा.

गोळी सुरू करताना आणि त्यानंतर दोन ते चार आठवड्यांनी सोडियम, पोटॅशियम, क्रिएटिनिन तपासतात. पुढे वर्षातून एकदा तरी, म्हाताऱ्यांचे त्याहून लवकर. सरकारी दवाखान्यात 30 वर्षांवरील सर्वांचा बीपी मोफत तपासतात. मोजण्याआधी पाच मिनिटे शांत बसा. वरचा आकडा 180 च्या पुढे आणि सोबत छातीत दुखणे, दम लागणे किंवा तोंड वाकडे होणे असेल तर 108 ला फोन करा. एखाद्या दिवशी गोळी राहिली आणि त्याच दिवशी आठवली तर घ्या. दुसऱ्या दिवशी आठवली तर त्या दिवसाची एकच घ्या, दोन नाही.