औषधाचे अनुपान आणि एका शब्दाचा अर्थ

मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाने स्मृतिव्याख्यानासाठी मुलांच्या औषधांचा इतिहास निवडावा, याचे श्रोत्यांस नवल वाटले असेल. मला या विषयाकडे ओढून नेले ते ‘अनुपान’ या शब्दाने. ज्या मधातून, दुधातून वा तुपातून औषध पोटात जाते, ते त्याचे अनुपान. आपल्या घरांतून बाळगुटी उगाळताना प्रत्येक मुळीचे वेढे बाळाच्या वयावरून ठरत आणि ती आईच्या दुधात कालवली जाई. मात्रा बेताची हवी आणि ती सहज घशाखाली उतरावी, हे आजीला पक्के ठाऊक होते. अनुपानाविषयी शंका घेण्याचे तिला कारणच नव्हते. ते घरचे होते.

औषध कारखान्यात होऊ लागले आणि अनुपान दृष्टीआड गेले. सल्फानिलामाइड हे जंतुसंसर्गावर गुणकारी ठरलेले औषध अमेरिकेत गोळ्या व भुकटीच्या रूपात मिळत असे. ते पातळ स्वरूपात मिळावे, अशी मागणी १९३७ साली आली. टेनेसी राज्यातील मॅसेन्गिल कंपनीचे रसायनज्ञ हॅरॉल्ड वॉटकिन्स यांनी ते डायएथिलिन ग्लायकॉल या गोडसर द्रवात विरघळवले आणि त्यास रास्पबेरीचा स्वाद दिला. कंपनीने रूप, चव आणि वास तपासला. विषारीपणा तपासला नाही, कारण तेव्हाचा कायदा ते मागतच नव्हता. मूत्रपिंडे निकामी होऊन शंभराहून अधिक माणसे दगावली. त्यांत पुष्कळ मुले होती. त्यांचा जीव घेतला तो अनुपानाने.

आता भाषेच्या अभ्यासकाने थोडे थांबावे असे स्थळ येते. घातक औषध विकणे हा त्या कायद्याने गुन्हा नव्हता. परंतु बाटलीवर ‘एलिक्झिर’ असे छापले होते, आणि एलिक्झिर म्हणजे मद्यार्कयुक्त औषध. बाटलीत मद्यार्क नव्हता. म्हणजे नाव खोटे ठरले, आणि तेवढ्याच आधारावर सरकारने माल जप्त केला. २४० गॅलनांपैकी बहुतेक साठा निरीक्षकांनी दुकाने व दवाखाने पालथे घालून परत मिळवला. बाटलीवर नुसते ‘द्रावण’ असे लिहिले असते, तर सरकारचे हात बांधलेलेच राहिले असते! विक्रीपूर्वी औषधाची निर्धोकता दाखवण्याचे बंधन तेथे १९३८ च्या कायद्याने आले.

आपल्याकडे औषध कायदा १९४० साली झाला. तरीही १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात याच द्रवाची भेसळ असलेल्या ग्लिसरीनने १४ रुग्णांचा बळी घेतला. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने त्याची चौकशी केली. आणि २०२५ साली आपल्याच मध्य प्रदेशात, छिंदवाडा जिल्ह्यात, खोकल्याच्या औषधाने वीसहून अधिक बालके गेली. मर्यादा ०.१ टक्क्याची; तपासलेल्या नमुन्यात हा द्रव ४८.६ टक्के निघाला.

त्या औषधात जे मिश्रण होते, ते चार वर्षांखालील मुलांस देऊ नये, अशी सूचना वेष्टनावर छापण्याचा आदेश केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्येच काढला होता. अशा सूचना बहुधा इंग्रजीत असतात, आणि टाइप इतका बारीक की मला चष्म्यावर भिंग धरावे लागते.