देवमाशाचे तेल आणि ट्रकचा ताप

🧵 १९७० साली अमेरिकेने स्पर्म व्हेलसह देवमाशांच्या आठ जाती संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत घातल्या. दिव्यांत व्हेलचे तेल जाळण्याचे दिवस केव्हाच मागे पडले होते. तरीही या निर्णयाने डेट्रॉइटच्या मोटार उद्योगापुढे पेच उभा राहिला, कारण ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या तेलात स्पर्म व्हेलचे तेल मिसळलेले असे. ते तिथे काय करत होते आणि ते गेल्यावर काय घडले, त्याची ही हकिकत. तिचा खरा विषय मात्र उष्णता हा आहे.

आरंभही समुद्रावरच होतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जहाजांत वाफेची टर्बाइने आली. टर्बाइन अतिवेगाने फिरते, तर पंख्याला (प्रोपेलरला) संथ गती मानवते. दोघांचा मेळ घालण्याजोगे प्रचंड दातेरी चक्र अचूक कापणे त्या काळी फार कठीण होते. श्टेटिन येथील (आजचे पोलंडमधील श्चेचिन) व्हल्कन गोदीतील अभियंता हेर्मान फ्योटिंगर याने दात्यांनाच फाटा दिला. दोन पात्यांची चाके समोरासमोर ठेवायची आणि मध्ये पाणी खेळवायचे. पहिले चाक पाणी फेकते, त्या पाण्याच्या माऱ्याने दुसरे फिरते, आणि मधली स्थिर पाती प्रवाहाची दिशा वळवून पिळाचा जोर वाढवतात. १९०५ साली त्याने याचे पेटंट घेतले. आजच्या टॉर्क कन्व्हर्टरचा हा पूर्वज.

या रचनेत एक उणीव मुळातच आहे. दुसरे चाक पहिल्याच्या मागे राहते, आणि या घसरणीत वाया गेलेली शक्ती उष्णता होऊन द्रवात उतरते. जहाजाला तिची फारशी फिकीर नव्हती. अवतीभोवती थंड पाण्याला काय तोटा? रस्त्यावरच्या गाडीला ही चैन नाही.

रस्त्यावर हे तत्त्व मोठ्या प्रमाणावर आणले जनरल मोटर्सने. १९४० च्या ओल्ड्समोबिल मोटारींसाठी ‘हायड्रामॅटिक’ गिअरबॉक्स जाहीर झाला. त्यात द्रवाची जोडणी होती, मागे चार गती देणारी दातेरी चक्रे होती, आणि क्लचचा पायटा नव्हता. जाहिरातींना सांगायला एवढे पुरेसे होते. दुसऱ्या महायुद्धात हाच गिअरबॉक्स एम-५ या हलक्या रणगाड्यात गेला. प्रत्येक रणगाड्यात दोन कॅडिलॅक इंजिने आणि दोन हायड्रामॅटिक. पुढे कोरियन युद्धाच्या काळात जीएमसीच्या एम-१३५ आणि एम-२११ या अडीच टनी लष्करी ट्रकांनाही तो बसवला गेला. आरामासाठी जन्मलेले यंत्र अशा रीतीने ओझ्याला जुंपले गेले.

आता तेलाकडे वळू. साध्या गिअरबॉक्समध्ये तेल केवळ वंगण असते. ऑटोमॅटिकमध्ये ते शक्ती वाहून नेते, दाबाने क्लचपट्ट्या आवळते, दाते ओले ठेवते आणि साऱ्या यंत्राची उष्णता उचलून बाहेर नेते. क्लचपट्ट्या आवळताना त्या फार घसरल्या तर जळतात, आणि एकदम पकडल्या तर गाडीला धक्का बसतो. या दोहोंमधला नाजूक तोल व्हेलच्या तेलाने साधला. हे तेल रासायनिकदृष्ट्या द्रव मेणासारखे असते; ते धातूला चिकटून राहते आणि बऱ्याच तापमानापर्यंत टिकते. जनरल मोटर्सने १९४९ साली ‘टाइप ए’ हे तेलाचे मानक ठरवले, त्यातही हा घटक होता.

मात्र कोणत्याही तेलाला मर्यादा असते. सपाट रस्त्यावर रिकामी गाडी धावत असेल तर कन्व्हर्टर फारसा घसरत नाही. मागे ट्रेलर जोडून लांब चढ सुरू केला की चित्र पालटते. समजा, इंजिन १०० किलोवॉट शक्ती देत आहे आणि कन्व्हर्टरमध्ये तिचा पाचवा हिस्सा वाया जातो आहे. म्हणजे २० किलोवॉट उष्णता: स्नानघरातले दोन किलोवॉटचे दहा गिझर एकदम सुरू केल्यासारखे, आणि तेल काही लिटरच. ते फार तापले की काळवंडते, त्याला जळका वास येतो, रबरी सील कडक होतात आणि क्लचपट्ट्या गुळगुळीत होऊन घसरू लागतात. घसरण वाढली की उष्णता वाढते, आणि उष्णता वाढली की घसरण. मेकॅनिक मंडळींचा जुना ठोकताळा असा की, साधारण ८० अंश सेल्सिअसच्या वर दर दहा-अकरा अंशांमागे तेलाचे आयुष्य निम्मे होते.

उपाय म्हणून तेल नळ्यांतून पुढे नेऊन रेडिएटरच्या टाकीत बसवलेल्या छोट्या कूलरमधून फिरवले जाऊ लागले. युक्ती स्वस्त होती, थंडीत तेल लवकर गरम होण्याची सोयही त्यातच झाली. पण इंजिनाचे पाणी स्वतःच नव्वद अंशांच्या आसपास असते. त्याहून थंड तेल त्या टाकीतून कसे निघणार? शिवाय चढावर इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच वेळी तापतात आणि गाडी संथ चालल्याने वाराही कमी मिळतो. म्हणूनच ट्रेलर ओढणारे लोक रेडिएटरच्या पुढे स्वतंत्र, केवळ वाऱ्यावर चालणारा जादा कूलर बसवू लागले.

अशा वेळी व्हेलचे तेल गेले. पर्यायांच्या शोधात वाळवंटी होहोबा झुडपाच्या बियांचे तेल पुढे आले, कारण तेही द्रव मेणच. जनरल मोटर्सचे ‘डेक्सरॉन-२’ हे व्हेलविरहित तेल बाजारात आले, आणि मग एक विचित्र तक्रार उद्भवली: हे नवे तेल कूलरमधले झाळलेले सांधेच पोखरू लागले. जो घटक तेलाला वाचवायचा, त्यालाच तेल खाऊ लागले! कूलर गळला की इंजिनाचे पाणी गिअरबॉक्समध्ये शिरते आणि क्लचपट्ट्यांचे अस्तर सुटते. १९७५ च्या सुधारित ‘डेक्सरॉन-२ डी’मध्ये गंजरोधक द्रव्ये घालून हे प्रकरण आवरण्यात आले. सत्तरच्या दशकात बिघडलेल्या प्रत्येक गिअरबॉक्सचे खापर देवमाशांवर फोडणारी एक लोकप्रिय कथा आहे. ती चटकदार आहे, पण अपुरी आहे. त्याच वर्षांत प्रदूषणाचे नियम पाळण्यासाठी इंजिने अधिक तापमानावर चालवली जात होती, हे तिच्यात येत नाही.

दुसरी वाट घसरणच बंद करण्याची होती. पॅकार्डने १९४९ मध्येच ‘अल्ट्रामॅटिक’मध्ये कन्व्हर्टरला क्लच लावून दोन्ही चाके घट्ट जोडली होती. घसरण नाही, तर उष्णता नाही. ही कल्पना महागडी म्हणून मागे पडली आणि इंधनाच्या टंचाईनंतर १९७८ च्या सुमारास क्रायस्लरने ती पुन्हा उचलली, उष्णतेपेक्षा पेट्रोल वाचवण्यासाठी. ट्रकांपर्यंत ती पोचायला वेळच लागला. १९८९ साली डॉज पिकअपला कमिन्सचे ५.९ लिटरचे डिझेल इंजिन मिळाले. पिळाचा जोर सुमारे ५४० न्यूटन-मीटर. मागचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स मात्र १९६२ पासून चालत आलेल्या घराण्यातला, असा क्लच नसलेला. अशा गाडीने जड ट्रेलर ओढायचा तर कूलरवरच सारी भिस्त.

तरीही कोणती गाडी किती वजन ओढेल, हा आकडा कंपन्या आपापल्या हिशेबाने छापत राहिल्या, आणि स्पर्धेत तो फुगत गेला. २००८ साली अमेरिकेतील वाहन अभियंत्यांच्या संस्थेने ‘जे २८०७’ हे समान मानक प्रसिद्ध केले. त्यातील कळीची परीक्षा अ‍ॅरिझोनातील डेव्हिस धरणाजवळच्या चढाची आहे. कोलोरॅडो नदीच्या काठापासून सुमारे १८ किलोमीटरांत रस्ता जवळजवळ ९०० मीटर चढतो. हवा ३८ अंशांची, एसी पूर्ण जोरात, मागे जाहीर केलेले पूर्ण वजन. नेहमीच्या चारचाकी पिकअपचा वेग ताशी ६४ किलोमीटरांखाली जाता कामा नये आणि कोणताही भाग निकामी होता कामा नये.

टोयोटाने हे मानक सर्वप्रथम स्वीकारले, २०११ च्या टुंड्रा ट्रकसाठी, आणि आपले छापील आकडे स्वतःच खाली आणले. जनरल मोटर्सने २०१३ साठी तयारी दाखवली, पण फोर्ड सोबत येत नाही असे दिसताच माघार घेतली. तिन्ही अमेरिकी कंपन्यांचे पिकअप या चढावर एकाच नियमाने मोजले जायला २०१५ उजाडले.