वनपिंगळ्याचा पुनःशोध आणि एका खोट्या नोंदीचा इतिहास

एखादी प्राणिजाती नामशेष झाली असे विद्वान म्हणतात, तेव्हा त्या विधानाचा आधार पुष्कळदा संग्रहालयातील नोंदी हाच असतो. या नोंदींतच खोट असेल तर शोधाची दिशाही चुकते. खानदेशातील वनपिंगळ्याचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे.

या लहान घुबडाचे शास्त्रीय वर्णन ॲलन ह्यूम यांनी १८७३ मध्ये प्रसिद्ध केले. आधारभूत नमुना ब्लेविट यांनी आदल्या वर्षी आजच्या छत्तीसगडच्या पूर्व भागात मिळविला होता. त्यांचेच नाव या जातीस देण्यात आले. पुढे जेम्स डेव्हिडसन या सनदी अधिकाऱ्याने खानदेशात शहादे-तळोदे परिसरात आणखी नमुने गोळा केले. १८८४ नंतरचा मात्र एकही अस्सल नमुना उपलब्ध नाही.

तथापि १९१४ ची एक नोंद पुढे आली. तापीकाठच्या मांडवी येथे आपण हा पक्षी मिळविला, असे रिचर्ड माइनर्ट्झहागेन यांनी आपल्या नमुन्याच्या चिठ्ठीवर लिहिले होते. ती नोंद प्रमाण मानल्यामुळे पुढील शोधकांची पावले गुजरातकडे वळली व रिकाम्या हाताने परतली. पॅमेला रासमुसेन व नायजेल कॉलर यांनी तो नमुना क्ष-किरणांच्या साहाय्याने तपासला, तेव्हा तो उसवून पुन्हा भरलेला असून मुळात डेव्हिडसन यांच्याच हातचा असल्याचे सिद्ध झाले. संग्रहालयातून चोरलेल्या नमुन्यास नवी चिठ्ठी जोडण्यात आली होती.

मांडवीची नोंद बाजूस सारून रासमुसेन, बेन किंग व डेव्हिड ॲबट यांनी प्रथम पूर्वेकडील व नंतर खानदेशातील जुनी स्थळे धुंडाळली. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी, तत्कालीन धुळे जिल्ह्यातील शहाद्यानजीक सातपुड्याच्या पायथ्याशी, ११३ वर्षांनी वनपिंगळा पुन्हा दृष्टीस पडला. पुढे मेळघाटात, तसेच २०१४ मध्ये तानसा येथेही त्याचे अस्तित्व आढळले.

प्राचीन पोथीचा पाठ स्वीकारण्यापूर्वी लेखकाच्या हस्तदोषाची व प्रक्षेपाची चिकित्सा करावी लागते. नमुन्याच्या चिठ्ठीसही तोच न्याय लागू आहे. येथे या चिकित्सेचे फल केवळ ग्रंथशुद्धी नव्हते. नष्ट मानलेल्या पक्ष्याच्या अरण्याचे रक्षण करण्यास कोणीही पुढे येत नाही.