पडद्यावरचा ठिय्या

ठिय्या द्यायचा तर रस्ता लागतो, सतरंजी लागते, घोषणा लागतात आणि मुख्य म्हणजे माणसं लागतात. १९९८च्या एप्रिलमध्ये मेक्सिकोच्या सरकारविरुद्ध झालेल्या ठिय्यात यातली फक्त माणसं होती, तीही देशोदेशी विखुरलेली, आपापल्या घरी कॉम्प्युटरसमोर बसलेली.

निमित्त मोठं होतं. २२ डिसेंबर १९९७ रोजी चियापास प्रांतातल्या आक्तेआल गावात प्रार्थनेला जमलेल्या ४५ आदिवासींची निमलष्करी टोळीने कत्तल केली. मृतांत बायका आणि मुलं मोठ्या संख्येने होती. त्यानंतर रिकार्डो डोमिंगेझ हा नट आणि त्याचे तीन साथीदार यांच्या ‘इलेक्ट्रॉनिक डिस्टर्बन्स थिएटर’ने ‘फ्लडनेट’ नावाचा छोटा प्रोग्रॅम तयार केला. तो सुरू केला की ब्राउझर राष्ट्राध्यक्षांची वेबसाइट दर काही सेकंदांनी पुन्हा पुन्हा उघडायला लागे. हजारो जणांनी एकाच वेळी हे केलं, की दारात गर्दी झाल्यासारखी साइट अडायची.

गटाच्या नावातला ‘थिएटर’ हा शब्द शोभेचा नव्हता. फ्लडनेट सर्व्हरकडे मुद्दाम नसलेली पानं मागायचं. ‘मानवी हक्क’ नावाचं पान मागितलं की सर्व्हर नियमाप्रमाणे उत्तर द्यायचा : या सर्व्हरवर मानवी हक्क सापडले नाहीत. आक्तेआलच्या मृतांची नावंही अशीच मागितली गेली आणि सरकारी यंत्राच्या चुकांच्या नोंदवहीत ती एकेक करून उमटली. यात कुणाचा पासवर्ड फोडला नव्हता, माहिती चोरली नव्हती. दिवस आणि वेळ आधी जाहीर केलेली, करणाऱ्यांची नावं उघड. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये लिंझच्या ‘आर्स इलेक्ट्रॉनिका’ महोत्सवातून पेंटागॉनच्या साइटवर असाच ठिय्या दिला गेला, तेव्हा पेंटागॉनने आंदोलकांचे ब्राउझर बंद पाडणारा उलट प्रोग्रॅम सोडला.

घरबसल्या बटण दाबण्याला कसलं आंदोलन म्हणायचं, हा आक्षेप तेव्हापासूनचा आहे. पुढच्या दहा वर्षांत त्याला उत्तर दिलं ते परफॉर्मन्स करणाऱ्या कलावंतांनी, आणि तेही स्वतःचं अंग पणाला लावून.

अमेरिकी लष्कराने तरुणांना भरतीकडे ओढण्यासाठी ‘अमेरिकाज आर्मी’ हा ऑनलाइन गेम फुकट वाटला होता. २००६मध्ये नेवाडातला कलाप्राध्यापक जोसेफ डिलॅप त्यात ‘डेड-इन-इराक’ या नावाने शिरला. शिरताच तो बंदूक टाकून देई आणि इराकमध्ये मेलेल्या अमेरिकी सैनिकांची नावं, वय, दल आणि मृत्यूची तारीख चॅटमध्ये टाइप करत बसे. बाकीचे खेळाडू चिडत, शिव्या देत, त्याला गोळ्या घालत, मतदान करून हाकलूनही देत. तो परत येऊन पुढचं नाव लिही. २०११च्या अखेरीस अमेरिकी फौजा इराकमधून निघाल्या, तोवर हे चाललं.

याच डिलॅपने २००८मध्ये दांडीयात्रा काढली. गांधीजींच्या यात्रेच्या तारखा धरून, १२ मार्च ते ६ एप्रिल, न्यूयॉर्कच्या ‘आयबीम’ या कलाकेंद्रात तो ट्रेडमिलवर २४० मैल चालला. ट्रेडमिल ‘सेकंड लाइफ’ या आभासी जगाला जोडलेली होती. त्याचं पाऊल पडलं तरच तिथला गांधी पुढे सरके. ‘सेकंड लाइफ’मध्ये बसल्या जागी उडायची सोय होती, डिलॅपने ती नाकारली आणि घाम गाळला.

वफा बिलालचं प्रकरण याहून जिवावरचं. सद्दामच्या राजवटीतून निसटून अमेरिकेत आलेल्या या इराकी कलावंताचा भाऊ २००४मध्ये अमेरिकी हल्ल्यात मारला गेला. २००७च्या मे महिन्यात बिलालने शिकागोच्या एका गॅलरीतल्या खोलीत महिनाभर मुक्काम ठोकला. खोलीत पलंग, टेबल, दिवा आणि रंगाच्या गोळ्या झाडणारी एक बंदूक होती. इंटरनेटवरून कुणीही ती फिरवू शके आणि त्याच्यावर झाडू शके. शंभराहून अधिक देशांतल्या लोकांनी साठ हजारांवर गोळ्या झाडल्या. भिंती पिवळ्या झाल्या, झोप उडाली. काहींनी बंदूक आपोआप झाडत राहील अशी करामतही केली. मग अनोळखी माणसांचा एक गट पुढे आला. त्यांनी आळीपाळीने जागून बंदुकीचं तोंड सतत बाजूला वळवून धरलं. बिलालला मारणारे आणि वाचवणारे, दोघेही एकाच पानावरून आत आले होते.

इन्स्टाग्राम आल्यावर प्रश्न बदलला. तिथे रोजचं जगणंच प्रयोगासारखं मांडलं जाऊ लागलं. अर्जेंटिनात जन्मलेल्या अमालिया उल्मनने २०१४मध्ये एप्रिल ते सप्टेंबर आपल्या खात्यावर एका मुलीची गोष्ट घडवली : शहरात आलेली गोड पोरगी, मग श्रीमंतांच्या पैशांवर जगणारी, घसरलेली, आणि शेवटी योगासनं करणारी शहाणी बाई. स्तनांच्या शस्त्रक्रियेचा देखावा तिने मलमपट्टीसकट रंगवला. भूमिकेसाठी पोल डान्सची शिकवणीही लावली. अनुयायी नव्वद हजारांच्या घरात गेले. हे सगळं लिहिलेलं नाटक होतं हे तिने सांगितलं तेव्हा बरेच जण खवळले. आपण प्रेक्षक होतो, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. २०१६मध्ये या प्रयोगाला लंडनच्या टेट मॉडर्नमधल्या प्रदर्शनात जागा मिळाली.

चिलीच्या ‘लास तेसिस’ने उलट वाट धरली. वालपराइसो शहरातल्या चार बायकांच्या या गटाने बलात्काराबद्दल राज्ययंत्रणेला जाब विचारणारं नाचगाणं २०१९च्या नोव्हेंबरमध्ये आधी रस्त्यावर केलं. मोबाइलवरच्या व्हिडिओंतून ते जगभर पोचलं आणि डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या बायका शहरोशहरी चौकांत उतरल्या. नेट इथे रंगमंच नव्हतं, तालमीची वही होतं. प्रयोग पुन्हा रस्त्यावरच झाला.

या सगळ्याला ‘नुसतं नाटक’ म्हणून सोडून द्यायला सत्ता मात्र कधी तयार झाली नाही. २०१०मध्ये फीवाढीविरुद्ध कॅलिफोर्निया विद्यापीठाच्याच साइटवर ठिय्या घडवल्याबद्दल, तिथे प्राध्यापक असलेल्या डोमिंगेझची चौकशी झाली. २०२०मध्ये चिलीच्या पोलिसांनी एका व्हिडिओवरून लास तेसिसविरुद्ध तक्रार केली. पुढच्या वर्षी न्यायालयाने ते प्रकरण बंद केलं.