बंद लोहमार्गांचे पुनरुज्जीवन, ब्रिटनमधील

प्रवासी वाहतुकीसाठी बंद केलेला लोहमार्ग दुरुस्त करून किंवा नव्याने बांधून त्यावर नियमित उतारू गाड्या पुन्हा सुरू करणे, यास लोहमार्गाचे पुनरुज्जीवन म्हणतात. हौशी मंडळे जुन्या मार्गांच्या काही भागांवर पर्यटकांसाठी ज्या वाफेच्या गाड्या चालवितात, त्यांचा समावेश यात होत नाही. ब्रिटनमध्ये विसाव्या शतकात मार्ग मोठ्या प्रमाणावर बंद झाले आणि ते पुन्हा सुरू करण्याचे प्रयत्नही तेथे चार दशकांहून अधिक काळ चालू आहेत. त्यामुळे या प्रश्नाच्या अभ्यासात ब्रिटनचा अनुभव महत्त्वाचा ठरतो.

पार्श्वभूमी : पहिल्या महायुद्धाच्या सुमारास ब्रिटनमधील लोहमार्गांची लांबी सु. ३७,५०० किमी. होती. परस्परांशी स्पर्धा करणाऱ्या खाजगी कंपन्यांनी अनेक ठिकाणी एकाच गावाला दोन-दोन मार्ग नेले होते. पुढे बस, मालमोटार व खाजगी मोटार यांचा प्रसार झाला आणि शाखामार्ग तोट्यात गेले. १९४८ मध्ये राष्ट्रीयीकरण झाल्यावरही तोटा वाढतच राहिला. रसायन उद्योगातून रेल्वेच्या प्रमुखपदी आलेले रिचर्ड बीचिंग (१९१३–८५) यांनी मार्च १९६३ मध्ये पुनर्रचनेचा अहवाल प्रसिद्ध केला. एकूण लांबीच्या एक-तृतीयांश मार्गांवर अवघी एक टक्का उतारू वाहतूक होते, असे त्यात दाखवून सु. ८,००० किमी. मार्ग व २,३६३ स्थानके बंद करण्याची शिफारस करण्यात आली. त्यातील काही मार्ग वाचले. तथापि १९७० नंतरच्या दशकाच्या मध्यास एकूण लांबी सु. १९,००० किमी. वर आली होती.

अहवालातील आकडेवारी एप्रिल १९६१ मधील एका आठवड्याच्या पाहणीवर आधारलेली होती. समुद्रकिनाऱ्यावरील गावांची उन्हाळी गर्दी तीत उतरली नाही, असा आक्षेप घेण्यात आला. शाखामार्ग मुख्य मार्गाला उतारू पुरवितो, ही गोष्टही पुरेशी विचारात घेतली गेली नाही. शाखा बंद झाल्यावर लोक मोटारीने जवळच्या मोठ्या स्थानकावर येतील, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात अनेकांनी संपूर्ण प्रवासच मोटारीने करणे पसंत केले. बंदीविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या सल्लागार समित्यांना केवळ प्रवाशांच्या हालअपेष्टांचा विचार करता येई. जमाखर्चाच्या हिशेबाची छाननी त्यांच्या कक्षेबाहेर होती. जानेवारी १९६९ मध्ये एडिंबरो–कार्लाइल या १५८ किमी. लांबीच्या ‘वेव्हर्ली’ मार्गावरील अखेरची गाडी न्यूकॅसलटन येथे गावकऱ्यांनी फाटक अडवून रोखून धरली. परंतु मार्ग बंद झालाच.

धोरणातील बदल : तोट्यातील परंतु समाजाला आवश्यक अशा सेवांना सरकारी अनुदान देण्याचे तत्त्व १९६८ च्या वाहतूक कायद्याने मान्य केले. दुसरी अडचण कायदेशीर होती. एकदा सुरू केलेली सेवा बंद करण्यासाठी दीर्घ प्रक्रिया पार पाडावी लागे. त्यामुळे रेल्वे प्रशासन प्रयोगादाखलही नवी सेवा सुरू करण्यास धजत नसे. उत्तर डेव्हनचे संसद सदस्य टोनी स्पेलर यांच्या पुढाकाराने १९८१ मध्ये या कायद्यात दुरुस्ती झाली आणि प्रायोगिक सेवा साध्या पद्धतीने मागे घेण्याची मुभा मिळाली. बंद करणे सोपे झाल्यामुळे सुरू करणे शक्य झाले.

प्रमुख उदाहरणे : १९५६ मध्ये उतारूंसाठी बंद झालेला एडिंबरो–बाथगेट मार्ग १९८६ मध्ये पुन्हा सुरू झाला. त्याला इतका प्रतिसाद मिळाला, की २०१० मध्ये तो पश्चिमेस एअरड्रीपर्यंत वाढवून त्याचे विद्युतीकरण करण्यात आले. नॉटिंगॅम–मॅन्सफील्ड–वर्कसॉप हा मार्ग १९९३ ते १९९८ या काळात टप्प्याटप्प्याने उघडला. त्यासाठी भरून टाकलेला एक बोगदा पुन्हा उकरावा लागला. वेल्समधील एब व्हेलचा पोलाद कारखाना २००२ मध्ये बंद पडला. रोजगार गमावलेल्या त्या खोऱ्यातील लोकांना कार्डिफशी जोडणारी सेवा २००८ मध्ये सुरू झाली, तेव्हा उतारूंची संख्या अंदाजाच्या कितीतरी पुढे गेली.

वेव्हर्ली मार्गाचा एडिंबरो–ट्वीडबँक हा उत्तर भाग सप्टेंबर २०१५ मध्ये सुरू झाला. मूळ रूळ उखडले गेले होते आणि एडिंबरोच्या वळणरस्त्याने जुना मार्ग तोडला होता. त्यामुळे सु. ४९ किमी. मार्ग नव्याने बांधावा लागून त्यासाठी सु. २९.४ कोटी पौंड खर्च आला. दक्षिणेकडील गॅलाशील्झ व ट्वीडबँक येथे अंदाजाहून पुष्कळ अधिक, तर एडिंबरोलगतच्या काही स्थानकांवर अंदाजाहून कमी उतारू आले. याउलट डेव्हनमधील एक्सिटर–ओकहँप्टन मार्गाची नियमित सेवा १९७२ मध्ये थांबली, तरी खडीच्या खाणीसाठी रूळ शाबूत राहिले होते. तेथे नवे रूळ व स्लीपर टाकून नोव्हेंबर २०२१ मध्ये दैनंदिन सेवा सुरू झाली आणि खर्च मंजूर रकमेहून कमी, म्हणजे सु. ४ कोटी पौंड झाला.

यशाच्या अटी : या उदाहरणांवरून पुनरुज्जीवनाची शक्यता मुख्यत्वे तीन गोष्टींवर अवलंबून असल्याचे दिसते. पहिली, मार्गाखालची जमीन सलग शिल्लक असणे. ती विकली जाऊन तिच्यावर घरे वा रस्ते झाले, की खर्च अनेक पटींनी वाढतो. ऑक्सफर्ड–केंब्रिज मार्गाचा मोठा भाग १९६७ अखेर बंद झाला. त्यानंतर केंब्रिजजवळ त्याच्या जागेवर रेडिओ दूरदर्शक उभारण्यात आला. त्यामुळे बेडफर्डच्या पूर्वेस आता सर्वस्वी नवी आखणी करावी लागत आहे. दुसरी, मार्गाच्या एका टोकास नोकरी, शिक्षण व रुग्णालये पुरविणारे मोठे शहर असणे. तिसरी, मालवाहतुकीमुळे रूळ टिकून राहणे. मात्र एवढ्याने काटकसरीची हमी मिळत नाही. नॉर्थंबरलँडमधील कोळशाच्या मार्गावर, न्यूकॅसल–ॲशिंग्टन दरम्यान, १९६४ नंतर प्रथमच डिसेंबर २०२४ मध्ये उतारू गाडी धावली. परंतु स्थानके, फाटके व सिग्नल यांमुळे खर्च सु. १६.६ कोटी पौंडांच्या मूळ अंदाजावरून ३० कोटींच्या आसपास गेला. पहिल्या दिवशी नियोजित सहांपैकी दोनच नवी स्थानके तयार होती.

भवितव्य : बीचिंगकालीन बंदीची भरपाई करण्यासाठी ब्रिटिश सरकारने जानेवारी २०२० मध्ये ५० कोटी पौंडांचा निधी जाहीर केला. तथापि जुलै २०२४ मध्ये नव्या सरकारने खर्चकपातीसाठी ती योजना रद्द केली. स्कॉटलंडमध्ये १९६९ मध्ये बंद झालेला लीव्हनचा सु. ८ किमी. लांबीचा मार्ग जून २०२४ मध्ये सुरू झाला; तेथील निर्णय व पैसा स्कॉटिश सरकारचा होता. यावरून बंद मार्गांचे भवितव्य उतारूंच्या संख्येइतकेच निर्णय घेणाऱ्या सत्तेवरही अवलंबून असते, हे स्पष्ट होते. बंद झालेल्या मार्गांपैकी बहुसंख्य मार्ग पुन्हा सुरू होण्याची शक्यता नाही. विरळ वस्तीच्या भागातील मार्गांवर तर बीचिंग यांचे गणित आजही खोटे ठरलेले नाही. मात्र गाड्या थांबविण्याचा निर्णय पुढील पिढी फिरवू शकते. मार्गाची जमीन तुकड्यांनी विकण्याचा निर्णय फिरविणे जवळजवळ अशक्य होते.