लेकीची आठवण आणि वऱ्हाडची कथा

मराठी गद्याचा उगम आठवणीत आहे, याचे आपल्याला सहसा भान नसते. अचलपूरपासून फार लांब नसलेल्या रिद्धपुरात तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या लीळा जमविल्या. ज्यांनी पाहिले, ऐकले त्यांना गाठून, विचारून. सांगणाऱ्यांत स्त्रियाही होत्या आणि महदाइसा त्यांत अग्रणी. स्थळ, प्रसंग, दोन वाक्यांचा संवाद, आणि लीळा संपते. आजच्या लघुकथेला याहून जवळचे पूर्वज कोठे शोधावेत?

पुढे शतकानुशतके लेकीची आठवण आईने जपली ती जात्यावर. सासरी गेलेली लेक, तिचा न आलेला निरोप, वाटेवरचे झाड, एवढ्यावर ओवी उभी राही. १९१३ च्या सुमारास मूर्तिजापूर-अचलपूर हा अरुंद लोहमार्ग सुरू झाला आणि बैलगाडीतून जाणारी लेक आगगाडीतून जाऊ लागली. त्या गाडीला लोक 'शकुंतला' म्हणत. आज ती धावत नाही. नाव मात्र विचारात पाडते. लेकीच्या पाठवणीचे आपल्याकडे सर्वांत गाजलेले दुःख कण्वांचे आहे, म्हणजे पित्याचे आणि तेही पालक पित्याचे. जन्मदात्री मेनका त्या निरोपाला नाही.

छापील कथेतही काही काळ असेच चालले. १९३३ मध्ये विभावरी शिरूरकरांचे 'कळ्यांचे निःश्वास' आले आणि मोठी खळबळ उडाली. शिकलेली, कमावती, अविवाहित मुलगी प्रथमच स्वतःच्या तोंडाने बोलली. 'बाबांचा संसार माझा कसा होणार?' हा प्रश्न मुलीचा. त्या घरातल्या आईला काय आठवत असेल, हे वाचकाने ताडावे.

याच वऱ्हाडात, अमरावतीस, १९०४ मध्ये कुसुमावती देशपांडे जन्मल्या. त्यांचे पती कवी अनिल मूर्तिजापूरचे. 'दीपकळी', 'मोळी' या संग्रहांतून त्यांनी कथेला घटनेच्या ओझ्यातून सोडवून मनःस्थितीकडे वळविले. माझ्या मते आईच्या आठवणीला बसेल अशी कथेची मूस मराठीत घडली ती येथे. कारण आठवणीला कथानक नसते. १९६१ मध्ये त्या ग्वाल्हेरच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षा झाल्या. हा मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात त्या निवर्तल्या.

हेमा राईरकर आणि मूळचे फ्रेंच असलेले गी पॉयत्वँ यांनी गावोगाव हिंडून एक लाखाहून अधिक ओव्या टिपल्या, गाणारीच्या नावागावासह. त्या संग्रहात पुणे जिल्ह्याचा वाटा मोठा आहे. अचलपूर-परतवाड्याकडच्या ज्या म्हाताऱ्या एके काळी जात्यावर बसल्या, त्यांच्यापैकी काही आजही आहेत. त्यांच्या ओसरीवर वही घेऊन कोण जाणार?