एअर पिस्तूल: महागडं मॉडेल कधी घ्यावं?

१० मीटर एअर पिस्तूल प्रकारात १० गुणांचं वर्तुळ फक्त ११.५ मिलिमीटरचं असतं. त्यामुळे नवखे नेमबाजही थेट सर्वात महागड्या पिस्तुलाकडे वळतात. पण चांगल्या कंपनीच्या स्वस्त मॉडेलची नळीही पुरेशी अचूक असते. छर्रा भरकटतो तो बहुतेक वेळा हातामुळे.

मग जास्तीचे पैसे कशाचे? मुख्यतः झटका शोषणाऱ्या यंत्रणेचे (स्टायरच्या इव्हो १० मध्ये ती आहे, एलपी २ मध्ये नाही) आणि इलेक्ट्रॉनिक ट्रिगरचे. ट्रिगर मात्र हलका मिळत नाही. स्पर्धेत किमान ५०० ग्रॅमचा नियम सगळ्यांनाच लागू आहे. ज्याचे गुण अजून दर आठवड्याला वरखाली होतात, त्याने हाताला बसणारी मूठ आणि भरपूर छर्रे यांवर खर्च केलेला बरा.

महाग म्हणजे बिनबिघाडाचं, असंही नाही. टोकियो ऑलिम्पिकच्या पात्रता फेरीत मनू भाकरचं पिस्तूल बिघडलं, मोलाची मिनिटं गेली आणि ५७५ गुणांवर तिची अंतिम फेरी हुकली. म्हणून सुटे भाग आणि दुरुस्ती जवळपास कुठे मिळते, हे आधी विचारावं. जुनं पिस्तूल घेताना हवेच्या सिलिंडरवरची तारीखही पाहावी. त्याची मुदत साधारण १० वर्षांची असते.